घरशाळेतील मुलांसाठी संग्रहालय : मातीकाम, निसर्ग आणि आदिवासी इतिहास यांची सांगड कशी घालावी?

पाटीपेन्सिल (पुणे) यांचा प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी ११ वर्षांची आणि मुलगा ८ वर्षांचा आहे. गेली ३ वर्षे दोघेही शाळेत न जाता घरीच शिकतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावीची परीक्षा वयाच्या १४व्या वर्षाआधी देता येत नाही, त्यामुळे मुलीच्या हाताशी अजून बराच मोकळा वेळ आहे आणि तो केवळ पाठ्यपुस्तके संपवण्यात जाऊ नये, असे आम्हा दोघांना मनापासून वाटते.

मागच्या महिन्यात एका संग्रहालयाने मुलांसाठी मातीकाम आणि आदिवासी कला यांची कार्यशाळा ठेवली होती. आम्ही उत्साहाने गेलो. प्लास्टिकच्या पिशवीतून मळलेल्या मातीचे तयार गोळे मिळाले, दीड तासात प्रत्येक मुलाने पेन ठेवायचा एक डबा केला, त्यावर पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाने त्रिकोणी माणसे काढली, फोटो झाले आणि आम्ही घरी निघालो. रिक्षात मुलीने दोन प्रश्न विचारले. पहिला, "ही माती आणली कुठून?" आणि दुसरा, "आई, आदिवासी लोक कधी संपले?" दुसऱ्या प्रश्नाने मी अक्षरशः गारठले. नंतर विचार केला, तेव्हा लक्षात आले की दोष तिचा नव्हता. दालनात अश्मयुगातील हत्यारांच्या कपाटाला लागूनच आदिवासी झोपडीचा देखावा होता आणि त्याखालच्या पाटीवरची सगळी वाक्ये "राहत असत", "वापरत असत" अशीच होती.

आम्ही ३ कुटुंबे मिळून ७ मुलांसाठी पावसाळ्यानंतर ३ महिन्यांचा उपक्रम आखत आहोत. संग्रहालय, प्रत्यक्ष हाताचे काम आणि रानातले निरीक्षण या तिन्ही गोष्टी त्यात हव्या आहेत. सुरुवात कशापासून करावी, संग्रहालयाकडे नेमके काय मागावे आणि मुलीचा तो दुसरा प्रश्न कसा हाताळावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी लिहावे ही विनंती.

खापरखुणा यांचे उत्तर

पाटीपेन्सिलताई, विद्यार्थिदशेत काही हंगाम उत्खननांवर काढलेले असल्यामुळे मातीच्या बाजूने लिहितो.

मुलीचा पहिला प्रश्न उत्तम आहे आणि उपक्रमाची सुरुवात तिथूनच व्हावी. तयार गोळा देणे म्हणजे गोष्टीचा निम्मा भाग कापून टाकणे होय. नदीकाठची, शेतातली आणि मुरमाड उतारावरची अशा तीन जागांची माती मुलांना स्वतः खणू द्या, वाळवून कुटू द्या, पाण्यात कालवून फडक्यातून गाळू द्या. मग प्रत्येक मातीची बोटभर जाड वळी करून ती बोटाभोवती गुंडाळून पाहावी. जिला तडे जात नाहीत ती भांड्याची माती. त्यानंतर प्रत्येक मातीची एक चपटी पट्टी करून त्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढावी, पट्टी सुकल्यावर रेघ पुन्हा मोजावी आणि भाजल्यावर तिसऱ्यांदा मोजावी. रेघ आखडलेली दिसते, आणि कुंभार मातीत लीद, राख किंवा बारीक वाळू का मिसळतात हे मुलांना न सांगता उमगते. टक्केवारीचा धडा त्यातच होऊन जातो, तो वेगळा घ्यावा लागत नाही.

एवढे झाल्यावर डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात जा, त्याआधी नको. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले शेतकऱ्यांचे एक अख्खे गाव तिथे उजेडात आले. तिथली जोर्वे पद्धतीची (जोर्वे या गावावरून नाव पडलेली) भांडी पाहताना मुलांना पाटी वाचायला सांगू नका. लालसर पृष्ठभागावर काळ्या रंगात काढलेल्या रेघा कुंचल्याने एका दमात ओढल्या आहेत की तुटक आहेत, तोटी आधी घडवून नंतर जोडली आहे का, भांड्याच्या आतल्या अंगाला चाकाची वर्तुळे दिसतात का, हे पाहायला सांगा. फुटक्या खापराची कड दिसत असेल, तर तिच्या मधोमध काळी पट्टी आहे का तेही पाहावे. ती असली, तर आच पुरेशी लागली नव्हती किंवा फार वेळ टिकली नव्हती असे समजावे. स्वतः भाजलेल्या पट्टीत ही काळी रेघ मुलांनी आधीच पाहिलेली असेल, तर काचेपलीकडचे खापर आपोआप बोलू लागते.

निसर्गाचा धागाही इथेच सापडतो. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास इनामगावात प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात आणि भांड्यांचा दर्जा उतरतो. हवामान कोरडे होत गेल्याने शेती खालावली आणि लोक शिकारीवर व गुराढोरांवर अधिक विसंबू लागले, असे उत्खनन करणाऱ्या अभ्यासकांनी मांडले. पाऊस कमी झाल्याची खूण मडक्यावर उमटते, ही कल्पना ११ वर्षांच्या मुलीला नक्की झेपेल.

एक सूचना मात्र आधीच देतो. इनामगावच्या लोकांनी लहान मुलांना घराच्या जमिनीखाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवून त्यांत पुरले होते. अशा दफनाचे दर्शन अचानक घडले, तर लहान मुले बिचकतात. आपण घरी आधी बोलून ठेवा. आमच्या वेळी एका लहानग्याने "आईला ते जवळ हवे असेल" असे उत्तर दिले होते आणि आम्हा मोठ्यांकडे त्याहून चांगले काही नव्हते.

आणखी एक बाब कायद्याची आहे. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर खापरे विखुरलेली दिसली, तरी ती खिशात घालू नयेत. जिथल्या तिथे ठेवून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा आणि चित्र काढावे. खापर जागेवरून हलले की त्याची निम्मी माहिती जाते.

सातजणांचा बाबा (नागपूर) यांचे उत्तर

वरील उत्तर वाचून आनंद झाला. मी केवळ व्यवहाराचे लिहितो. आपल्याकडील बहुतेक संग्रहालयांच्या अर्जात शाळेचे नाव आणि मुख्याध्यापकांची सही मागतात, आणि घरशाळा म्हटले की खिडकीपलीकडचा माणूस गोंधळतो. त्यामुळे आधी अभिरक्षकांना पत्र लिहावे, त्यात मुलांची संख्या, वये आणि आपण कोणत्या पाच वस्तू पाहणार आहोत हे स्पष्ट लिहावे. पाच म्हणजे पाचच. आठवड्याच्या मधल्या दिवशी, उघडल्या उघडल्या जावे, कारण सहली दुपारकडे येतात. साठवणीतली तुटकी, नोंद नसलेली खापरे हाताळायला मिळतील का, हे विचारून पाहण्यात गैर काही नाही. फार तर नाही म्हणतील.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आमचा अजब बंगला, १८६३ पासूनचे आहे. आमच्या मुलांनी तिथे विदर्भातील महापाषाणीय (मोठे दगड रचून केलेल्या) दफनांतील काळी-तांबडी भांडी पाहिली आणि एकाच भांड्याचे तोंड काळे आणि बूड तांबडे कसे, यावर दोन दिवस वाद घातला. भोपाळला जाणे जमत असेल, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय चुकवू नये. श्यामला टेकडीवर उघड्या आकाशाखाली खरी घरे बांधलेली आहेत, आवारातच चित्रे असलेले शैलाश्रय, म्हणजे खडकांचे नैसर्गिक आडोसे आहेत आणि "करो और सीखो" या उपक्रमात कारागिरांकडूनच शिकता येते. पायात चांगले बूट हवेत, कारण चालणे भरपूर होते.

वाळवंटातली मराठी (आल्बुकर्की, न्यू मेक्सिको) यांचे उत्तर

आम्हीही मुलांना घरीच शिकवतो आणि योगायोगाने अशा ठिकाणी राहतो, जिथे मडके, जमीन आणि मूळ रहिवाशांचा इतिहास या तीन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. न्यू मेक्सिकोत आज १९ पुएब्लो आहेत. पुएब्लो म्हणजे आपापले शासन आणि आपापली जमीन असलेले मूळ रहिवाशांचे समाज. आल्बुकर्कीतले इंडियन पुएब्लो कल्चरल सेंटर १९७६ पासून चालू आहे आणि ते या १९ पुएब्लोंच्या मालकीचे आहे. पाटी कोणी लिहिली यामुळे किती फरक पडतो, हे मला तिथे कळले. तिथे सारे "आम्ही" अशा भाषेत सांगितले जाते, त्यामुळे आमच्या मुलांना "ते कधी संपले" असा प्रश्न पडायला जागाच राहिली नाही.

इथले पारंपरिक मडके चाकावर होत नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचून, भोपळ्याच्या कवचाच्या तुकड्याने आतून-बाहेरून सारखे करून आणि सुकल्यावर गुळगुळीत दगडाने घासून ते घडवतात. घासायचे दगड घराण्यात आजीकडून नातीकडे येतात. रंग लावायला युक्का नावाच्या वनस्पतीचे पान चावून त्याचा कुंचला करतात. म्हणजे माती ओळखायची तर जमीन चालावी लागते आणि कुंचला हवा तर झाड ओळखावे लागते. आमच्या मुलाने युक्काचे पान चावून पाहिले आणि दिवसभर तोंड वाकडे करून हिंडला, पण ते झाड तो आता कुठेही ओळखतो.

नागपूरकरांच्या काळ्या-तांबड्या वादाला जोडून सांगते. सान इल्देफोन्सो पुएब्लोच्या मारिया मार्टिनेझ आणि त्यांचे पती ज्युलियन यांनी १९१९ च्या सुमारास काळ्यावर काळी नक्षी असलेली भांडी सिद्ध केली. भट्टी पेटलेली असताना तिच्यावर शेणखताचा भुगा टाकून हवा कोंडली की मातीतले तांबडे लोह आणि धुराचा कोळसा मिळून भांडे काळेभोर होते. हवा मिळाली असती, तर तेच भांडे तांबडे झाले असते. याआधी उत्खननात सापडलेल्या जुन्या खापरांवरून तशी भांडी करून पाहण्याची विचारणा मारियांकडे झाली होती, आणि ज्युलियन काही वर्षे सांता फे येथील संग्रहालयात देखभालीचे काम करत असताना दोघांना तिथला संग्रह जवळून पाहता आला. संग्रहालयातील वस्तू पुन्हा जिवंत हातांत गेल्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

इतिहासाचा एक हातचा धडाही सांगते. १६८० च्या ऑगस्टमध्ये पुएब्लोंनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध एकजुटीने उठाव केला. पोपे नावाच्या पुढाऱ्याने धावपटूंबरोबर गाठी मारलेल्या दोऱ्या गावोगाव पाठवल्या, रोज एक गाठ सोडायची आणि गाठी संपल्या की उठायचे, असा संकेत होता. दोघे धावपटू पकडले गेल्यामुळे ठरलेल्या दिवसाआधीच उठाव करावा लागला. आम्ही मुलांना तशी दोरी करायला दिली नाही, कारण ती खेळण्याची वस्तू व्हावी असे वाटले नाही. आम्ही त्यांना नकाशावर अंतरे मोजायला लावली आणि एक माणूस ते अंतर किती दिवसांत धावेल, याचा हिशेब करायला सांगितला.

काय करू नये याबद्दलही थोडे लिहिते. काही नक्षी धार्मिक असतात आणि त्या मुलांनी कागदावरही उतरवू नयेत, अशी इथल्या लोकांची अपेक्षा असते. अनेक पुएब्लोंमध्ये फोटो काढायला मनाई आहे. २०२४ च्या जानेवारीत लागू झालेल्या नव्या नियमांनुसार मूळ रहिवाशांचे मानवी अवशेष आणि पवित्र वस्तू त्यांच्या वारसांच्या किंवा जमातींच्या संमतीशिवाय मांडता येत नाहीत, आणि त्यामुळे अमेरिकेतल्या काही मोठ्या संग्रहालयांनी आपली कपाटे झाकली. झाकलेले कपाट मुलांना आवर्जून दाखवावे असे मला वाटते.

प्रवराकाठ (अकोले) यांचे उत्तर

मी महादेव कोळी समाजातील आहे आणि तालुक्याच्या गावी शिक्षक आहे. पाटीपेन्सिलताई, आपल्या मुलीचा दुसरा प्रश्न वाचून वाईट वाटले, पण नवल वाटले नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आम्ही आदिवासी १ कोटीहून अधिक आहोत. तिला एवढेच सांगा की त्यातले एक सर आज तुझ्या आईला उत्तर लिहीत बसले होते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. मातीकाम आणि आदिवासी असा जोड आपल्याकडे सरसकट लावता येत नाही. चाकावरचे मडके हा कुंभारांचा व्यवसाय, आणि आमच्या वाड्यांवर मडकी आठवडेबाजारातून किंवा धान्याच्या बदल्यात येत. आमची स्वतःची भांडी म्हणजे वाळवलेल्या भोपळ्याचे तुंबे, बांबूच्या टोपल्या, शेणामातीने लिंपलेल्या कणग्या आणि पळसाच्या पानांचे द्रोण. वारली तारपा हे वाद्यही भोपळा आणि बांबू यांचेच असते. मुलांनी मातीचा डबा करून त्यावर वारली माणसे काढणे म्हणजे दोन वेगळ्या समाजांची कामे एकत्र कालवणे आहे. वारली चौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी चित्र, लग्नघरच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने काढतात, त्यात पालघट देवी असते, तो शोभेचा पट्टा नव्हे. पुण्याच्या क्वीन्स गार्डनमध्ये आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय आहे. तिथे जाताना मुलांना एकच काम द्या. प्रत्येक वस्तू कोणत्या झाडापासून झाली आहे, ते ओळखायचे. मग पाटी वाचायची.

उपक्रमासाठी माझी सूचना अशी की विषय तीन ठेवण्याऐवजी नदी एक धरावी. आमची प्रवरा रतनगडावर उगम पावते आणि भंडारदऱ्याच्या धरणातून, अकोल्यावरून संगमनेरकडे जाते. संगमनेरजवळ तिच्याच काठी जोर्वे आहे, ज्याच्या नावाने खापरखुणांनी सांगितलेली भांडी ओळखली जातात. आणखी खाली दायमाबाद आहे. तिथे १९७४ मध्ये एका भिल्ल माणसाला झाडाचे मूळ खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. पुस्तकात रथाचे चित्र छापतात, तो कोणाच्या कुदळीला लागला हे सहसा वगळतात.

वरच्या अंगाला आलात, तर कारवीचे झुडूप दाखवीन. तिच्या काठ्यांच्या कुडावर शेणामाती लिंपून आमची घरे होत, आणि ती ७ वर्षांतून एकदा फुलते. उन्हाळ्यात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळे, वेचायला आलात, तर तो वाळून काळा कसा पडतो आणि पाटीभर वेचायला किती वेळ लागतो, हे मुले स्वतः पाहतील. दराचा हिशेबही त्यांनाच करू द्या, अनेक प्रश्न आपोआप निघतील. देवगावचे राघोजी भांगरे यांना इंग्रजांनी १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. सावकार आणि इंग्रज यांच्याविरुद्धचे ते बंड समजायचे, तर हा मुलूख पायांनी चालावा लागतो. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे राखल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बियाणांची बँक हे माझ्या मते खरे संग्रहालय आहे, कारण तिथली वस्तू दरवर्षी बाहेर काढून पेरावी लागते. माझी आजी वालाचे बी राखेत घोळून गाडग्यात भरायची आणि तोंड शेणाने लिंपून टाकायची. तुमचा मातीकामाचा धागा हवा असेल, तर तो असा मिळेल : मडके कुंभाराचे, राख चुलीची, बी आमचे.

येताना आधी कळवून यावे, जेवणाचे आणि माहिती सांगणाऱ्या बायांच्या दिवसाचे पैसे द्यावेत, आणि कृपया मुलांना आमच्या पोशाखात फोटोसाठी उभे करू नये.

पाटीपेन्सिल (पुणे) यांचा पुढील निरोप, अडीच महिन्यांनंतर

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. प्रवराकाठ सर, आपली सूचना मान्य करून आम्ही एकच नदी धरली.

मातीचा भाग अपेक्षेप्रमाणे झाला नाही, आणि ते बरेच झाले. संगमनेरजवळच्या एका कुंभारकाकांनी त्यांच्या आव्याच्या (भांडी भाजायच्या भट्टीच्या) कडेला मुलांची ९ भांडी ठेवून घेतली. त्यांनी एकेक भांडे गालाला लावून पाहिले आणि दोन भांडी "अजून गार लागतात" म्हणून बाजूला काढली. माझ्या मुलाने हट्टाने त्यातले एक परत आत ठेवायला लावले. थोड्याच वेळात आतून फट्कन आवाज आला, आणि ओल्या मातीतल्या पाण्याची वाफ काय करते यावर मला एकही वाक्य बोलावे लागले नाही. त्याने त्याचे तुकडे घरी आणून जोडले आहेत. कडेला मधोमध काळी पट्टी आहे, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो.

डेक्कन कॉलेजमध्ये आम्ही पाच वस्तूंची यादी केली होती, प्रत्यक्षात तीनच झाल्या. दोन मडक्यांच्या दफनासमोर मुलगी बराच वेळ उभी राहिली. मग तिने फक्त एवढेच विचारले की ती मडकी पुरण्यासाठी मुद्दाम केली होती की घरातली वापरातलीच होती. खापरखुणा, याचे उत्तर आपण दिलेत तर बरे होईल, मी तिला आपल्याकडे विचारीन असे सांगितले आहे.

क्वीन्स गार्डनच्या संग्रहालयात मुलांनी झाडे ओळखण्याचे काम केले. बांबू सर्वांना आला, भोपळा दोघांना आला, कारवी कोणालाच आली नाही. त्यामुळे आता अकोल्याला येणे भाग आहे. सर, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ७ मुले आणि ४ मोठी माणसे आलो तर चालेल का, आणि बायांच्या दिवसाचे किती द्यावेत, ते आधीच कळवावे. मुलगी स्वतःच्या हाताने एक पाटी लिहून आणणार आहे. तिच्यात सगळी वाक्ये वर्तमानकाळात आहेत, पण काही तपशील चुकीचे असण्याची शक्यता आहे, ते आपण आणि आपल्या आईंनी तपासून द्यावेत अशी तिची विनंती आहे.